संगणकावर चाल बांधायला शिकताना : कोकणातल्या घरातून पहिल्या २४ सेकंदांपर्यंत

संगीत करण्याचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर जाळी दिसते. ती रिकामी वाटते, पण तिच्यात चार गोष्टी आधीच ठरून आलेल्या असतात. वेग बहुतेक वेळा मिनिटाला १२० ठोके. ताल चार-चारचा. सप्तकाचे १२ अगदी सारखे तुकडे. आणि वाजवलेला स्वर जरा मागेपुढे पडला की त्याला जवळच्या रेषेवर ओढून बसवणारं बटण. हे सगळं दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या संगीतासाठी ठरवलेलं आहे. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, गजराची लय चढत जाते, दशावतारात पेटीवाला नटाच्या श्वासाबरोबर थांबतो, शिमग्यात ढोलावरचा हात रेषेला बांधलेला नसतो. हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलंय त्याने या चारही गोष्टी तशाच ठेवून काम सुरू केलं, तर आपलीच चाल त्याला परकी वाटू लागते. मग तो ‘आपल्याला हे जमणारं नाही’ म्हणून लॅपटॉप मिटतो. न जमण्यासारखं त्यात काही नसतं. त्या चार गोष्टी बदलायच्या असतात, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून इथे एकच छोटी चाल शून्यापासून बांधू. भूप रागाचे सा रे ग प ध हे पाच स्वर, केरवा ताल, चार आवर्तनं. मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत ८ मात्रांचं एक आवर्तन ६ सेकंदांचं होतं, म्हणजे चार आवर्तनं २४ सेकंदांत संपतात. एवढंसंच का, असं वाटू देऊ नका. १९५७ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमने आयबीएम ७०४ या संगणकाकडून जो पहिला तुकडा वाजवून घेतला, तो १७ सेकंदांचा होता. सुरुवातीला लांबीपेक्षा पूर्णत्व मोलाचं. अर्धवट राहिलेल्या दहा मिनिटांच्या फाइलीपेक्षा शेवटपर्यंत नेलेले २४ सेकंद जास्त शिकवतात.

सामान

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. एसएसडी असेल तर उत्तम. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि त्यावर ठेका धरणं अशक्य होतं.

सॉफ्टवेअरसाठी मी रीपर सुचवतो. डाउनलोड अगदी छोटं असल्यामुळे खाडीपलीकडच्या वाडीत रेंज एकच दांडी असली तरी उतरतं. ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरता येतं आणि पुढे वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. पैसे घालायचेच नसतील तर एलएमएमएस मोफत आहे, पण त्याचा भर आवाज रेकॉर्ड करण्यावर नाही. सोबत ऑडॅसिटी ठेवावी लागते. मॅकवर गॅरेजबँड आधीच असतं. नुसता मोबाइल असेल तर बँडलॅबपासून सुरुवात करा. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये थोड्याफार फरकाने करता येतात.

संगणकाला जोडायचा पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आत्ता नसला तरी चालेल. लॅपटॉपच्या बटणांवरूनही स्वर टाकता येतात. पेटी वाजवणाऱ्याने पुढेमागे घेतलाच तर ४९ पट्ट्यांचा घ्यावा. २५ पट्ट्यांवर डावा-उजवा हात अडखळतो.

आता वीज. हे कोकणापुरतं वेगळं सांगावं लागतं. रीपरच्या सेटिंग्जमध्ये ठरावीक मिनिटांनी फाइल आपोआप सेव्ह करायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय काम करू नका. मे अखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचे गडगडाट यांच्या वेळी चार्जर भिंतीतून काढून ठेवा, बंद करून भागत नाही. प्रत्येक चालीसाठी वेगळा फोल्डर करा आणि सगळे आवाज त्याच फोल्डरमध्ये राहतील असं सेटिंग ठेवा. खाऱ्या हवेत माइक आणि वायरींच्या पिना गंजतात, म्हणून त्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

सा कुठे आहे

चाल संगणकाच्या सोयीच्या पट्टीत बांधली की ती गाताना हमखास गळा फाटतो किंवा आवाज खोल जातो. आधी गा. पेटी घ्या, तुमचा सा शोधा, वरचा प सहज लागतोय ना ते बघा. आपल्या उदाहरणासाठी काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सा धरू.

संगणकाला ‘काळी एक’ कळत नाही, त्याला आकडा लागतो. १९८३ साली डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी नावाची पद्धत ठरली. तिच्यात आवाज साठवलेला नसतो, फक्त सूचना असते: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ आकडे आहेत. मध्य सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. एवढं एकदा लक्षात बसलं की पुढचं सगळं साध्या बेरजेचं आहे. भूपात सापासून रे दोन घरं वर, ग चार, प सात, ध नऊ. म्हणजे काळी एकच्या भूपाचे आकडे ६१, ६३, ६५, ६८, ७०.

ज्याने पेटीला कधी हातच लावला नाही त्याच्यासाठी एक सोपा रस्ता आहे. काळी तीन सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत राहा. भूपच वाजेल, चुकीचा स्वर लागूच शकत नाही. हाताला वळण पडलं की मग आपल्या पट्टीत या.

घरातली पेटी संगणकाबरोबर वाजवणार असाल तर मोबाइलवरच्या ट्यूनरने तिचा सूर तपासा. संगणकातला मध्य सप्तकाचा ध, पांढरी सहा, ४४० हर्ट्झचा असतो. जुन्या पेट्या बऱ्याचदा त्याहून चढ्या असतात. तुमची ४४५ दाखवत असेल तर संगणकातली सगळी वाद्यं साधारण २० सेंट वर घ्या. पेटी खाली आणता येत नाही, संगणक वर नेता येतो. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.

ठेका हाताने बसवा

नवी फाइल उघडा. वेग १२० चा ८० करा. तालाच्या जागी चार-चार खोडून ८/४ लिहा. आता पडद्यावरचा एक खण म्हणजे एक आवर्तन झालं. दादरा करायचा तेव्हा ६/४, रूपकाला ७/४, झपतालाला १०/४. हा छोटासा बदल करायला फार जण विसरतात आणि मग सात मात्रांचा रूपक चारच्या खणांत कोंबत बसतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते दिसेनासं झालं की चाल भरकटते.

केरवा तोंडाने म्हणा: धा गे ना ती, ना क धी न. म्हणताना डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याकडे, लक्ष द्या. पहिल्या दोन मात्रांत तो घुमतो, तिसरीपासून सहावीपर्यंत घुमत नाही आणि सातवीला धी बरोबर परत येतो. केरव्याचा झोका या गप्प राहण्यातून येतो. संगणकावर ठेका बसवणारे नवखे लोक ही मधली जागा हटकून भरून टाकतात, कारण जाळीत ती रिकामी दिसते. ती रिकामीच ठेवा. पखवाजावर बोल बदलतील, भरी-खालीचा, म्हणजे घुमण्या-न घुमण्याचा, हा हिशेब बदलत नाही.

आता आठ ठोके टाका आणि प्रत्येकाचा जोर वेगळा ठेवा. मिडीत जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. सुरुवातीला असं करून बघा: धा ११०, गे ७५, ना ९०, ती ७०, ना ८०, क ५५, धी १००, शेवटचा न ७०. ऐका. मग सगळे १०० करून ऐका. फरक एका आवर्तनात कळतो.

वेळेचंही तसंच. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते. एखादा ना १० ते १५ मिलिसेकंद उशिरा पडला तर कान त्याला चूक म्हणत नाही, ढब म्हणतो. रेषेवर ओढून बसवणाऱ्या बटणाला किती ताकदीने ओढायचं ते ठरवता येतं. शंभर टक्के कधीच ठेवू नका. ५० ते ६० टक्क्यांनी गबाळेपणा जातो आणि हात शिल्लक राहतो. समेवरचा धा मात्र रेषेवरच असू दे.

पहिलं आवर्तन झालं की त्याची नक्कल चारदा चिकटवायचा मोह होतो. दुसऱ्या-तिसऱ्यात एखादा बोल हलका करा, आणि चौथ्यात तिहाई घ्या. सगळ्यांत सोपी तिहाई अशी: ‘ति ट धा’ हा ३ मात्रांचा तुकडा चौथ्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून सलग तीनदा. ३ त्रिक ९, म्हणजे शेवटचा धा आठ मात्रा ओलांडून बरोबर पुढच्या समेवर येतो. तिथे चाल थांबवा.

गजरासारखी लय चढवायची असेल तर रीपरमध्ये वेगाची स्वतंत्र रेषा उघडता येते. ती ८० पासून ९६ पर्यंत हळूहळू वर जाऊ द्या. एकदम उडी मारली तर ऐकणाऱ्याला धक्का बसतो. भजनात लय चढताना कळत नाही, चढल्यावर कळते.

गावचा पखवाज संगणकात

इंटरनेटवर तबल्या-ढोलकीचे तयार आवाज भरपूर मिळतात. शिकण्यापुरते वापरा. पण कोकणात राहून चाल बांधायची आणि आवाज कुठल्यातरी अनोळखी स्टुडिओतला घ्यायचा, हे मला पटत नाही. वाडीत पखवाज वाजवणारा कुणीतरी असतोच. त्याच्याकडे एका दुपारी जा.

त्याला काय हवंय ते नीट समजावून सांगावं लागतं. “काका, ठेका नको, नुसता धा द्या,” म्हटलं की “नुसतो धा? आनि ठेको नको?” असंच उत्तर येणार. वाजवणाऱ्याला एकेक सुटा बोल देणं विचित्र वाटतं, कारण त्याचा हात वाक्यात विचार करतो. म्हणून आधी त्याला पाच मिनिटं मनसोक्त वाजवू द्या आणि तेही रेकॉर्ड करा. पुढे लय कशी झुकते ते बघायला तेच कामी येतं.

पखवाज तुमच्या सापाशी, इथे काळी एकला, लावून घ्या. धुम्याची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाची, कणीक वाळत जाते तसा तिचा आवाज बदलतो, म्हणून डाव्या हाताचे बोल आधी उरकून घ्या. एकच माइक असेल तर तो वाद्याच्या समोर, थोडा वरून, दोन फुटांवर ठेवा. तोंडाजवळ नेला तर एकच बाजू ऐकू येते. प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात, असा तीन ताकदींत घ्या आणि प्रत्येक ताकदीचे तीन-चार नमुने घ्या. एक बोल पूर्ण विरल्याशिवाय पुढचा वाजवू देऊ नका. ती शेपूट कापली गेली तर धा लाकडी वाटतो. केरव्याला धा, गे, ना, ती, क, धी या सहा जागा लागतात. पखवाजवाला आपल्या हाताने त्या जागी जे वाजवेल ते घ्या, तबल्याचे बोल त्याच्यावर लादू नका.

घरी आल्यावर प्रत्येक ठोका वेगळा कापा. ठोका सुरू होण्याच्या अगदी आधी कापायचं. जास्त मोकळी जागा राहिली की प्रत्येक ठोका उशिरा वाजतो आणि आपण लयीला दोष देत बसतो. फाइलींना ‘धा-हळू-१’, ‘धा-जोर-२’ अशी नावं लगेच द्या. रीपरबरोबर येणाऱ्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या साधनात) प्रत्येक बोलाला एक पट्टी द्या आणि जोराच्या हद्दी आखा: १ ते ६० हळू, ६१ ते ९५ मध्यम, ९६ ते १२७ जोरात. वर दिलेले आकडे याच हद्दींत बसतात, म्हणजे धा आणि धी जोरातले वाजतील, क हळू, बाकीचे मध्यम. धा ला दोन पट्ट्या द्या, दोन वेगळ्या नमुन्यांच्या, आणि आलटून पालटून वापरा. तोच तो धा चारदा आला की कानाला यंत्र ऐकू येतं.

हीच पद्धत झांजेला, टाळाला, जाखडीच्या घुंगरांना लागू पडते. घुंगरांचे मात्र सुटे ठोके घेऊ नका, नाचणाऱ्याच्या पायातले चालतेबोलते तुकडे घ्या.

ज्याचा हात तुम्ही घेतलात त्याला हे आवाज कशासाठी वापरणार ते सांगा, चाल झाल्यावर त्याचं नाव लिहा, आणि कमाई झाली तर वाटा द्या.

शब्द आधी, स्वर मागून

चाल माऊसने शोधू नका. गुणगुणत शोधा, मोबाइलवर धरून ठेवा, मग आकड्यांत उतरवा. माऊसने शोधलेली चाल डोळ्यांना सुंदर दिसणारी असते आणि श्वास घ्यायला जागा नसलेली.

उदाहरणाला दोन ओळी घेऊ: ‘गाज आली दारी, भरती आली रे’. पहिलीत गा-ज-आ-ली-दा-री ही सहा अक्षरं, स्वर ग रे ग प ध प. दुसरीत भ-र-ती-आ-ली-रे, स्वर प ध प ग रे सा. काळी एकच्या पट्टीत पहिली ओळ ६५, ६३, ६५, ६८, ७०, ६८ आणि दुसरी ६८, ७०, ६८, ६५, ६३, ६१. दर अक्षर एक मात्रा.

आता खरा प्रश्न, ओळ कुठून उचलायची. पहिल्या मात्रेपासून सुरू केली तर ‘गा’ समेवर येतो आणि ओळ बालवाडीतल्या गाण्यासारखी सपाट चालते. पाचव्या मात्रेपासून उचलून बघा: गा ५, ज ६, आ ७, ली ८, आणि ‘दा’ समेवर, धैवत घेऊन. ओळ समेकडे चढत येते आणि दारावर पोचते. धैवत हा भूपाचा संवादी, म्हणजे दुसरा महत्त्वाचा स्वर, म्हणून तो तिथे शोभतो. ‘री’ दुसऱ्या मात्रेवर घेऊन पाचवीपर्यंत लांबवा.

दुसरी ओळही पाचवीलाच उचलली तर ‘आली’तला ‘ली’ समेवर येतो. तोंडाने म्हणून बघा, शब्द अडतो. तिला एक मात्रा उशिरा, सहावीपासून घ्या: भ ६, र ७, ती ८, ‘आ’ समेवर. आणि ‘आ’चा स्वर आहे गंधार, भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर. मग ‘रे’ तिसऱ्या मात्रेवर सा घेऊन विसावतो. एका मात्रेने शब्दाचा अर्थ जागेवर आला. जाळीवर हे करायला सगळी ओळ निवडून उजवीकडे एक घर सरकवायची, बस्स. अशी सरकवासरकवी आणि लगेच ऐकणं संगणकावर जितकं सोपं आहे तितकं वहीत नाही. संगणकाकडून घ्यायचं ते हेच. सरकवलेली प्रत्येक जागा तोंडाने म्हणून बघा. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

तिहाई सुरू होईपर्यंत दुसरी ओळ आटोपलेली असावी, म्हणजे चौथं आवर्तन पखवाजासाठी मोकळं राहतं.

संगणकाचा गंधार

तानपुऱ्याजवळ बसून ग लावणाऱ्या गायकाला पेटीचा ग नेहमी जरा चढा वाटतो. त्याचं कारण हिशेबात आहे. सापाशी शुद्ध जुळणारा गंधार सापासून ३८६ सेंटवर असतो (प्रमाण ५ : ४), समान तुकड्यांच्या सप्तकात तो ४०० वर जातो. धैवत शुद्ध असेल तर ८८४, समान तुकड्यांत ९००. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, तो सोडून द्या.

म्हणजे आपल्या चालीत ग १४ सेंट आणि ध १६ सेंट उतरवायचे. एकेकच स्वर वाजणाऱ्या ट्रॅकवर हे मिडीच्या पिच बेंडने, म्हणजे स्वर वर-खाली वाकवणाऱ्या सूचनेने, जमतं. बेंडची हद्द सहसा वर-खाली दोन पट्ट्यांची असते आणि मधून एका टोकापर्यंत ८१९२ पायऱ्या असतात. हिशेब केला तर ग वर साधारण उणे ५६० आणि ध वर उणे ६४०. हे काम किचकट वाटलं तर सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ घ्या, त्यात स्वरांची अंतरं फाइलने बदलता येतात. खाली षड्ज-पंचमाचा तानपुरा लावून दोन्ही प्रकारचा ग ऐका. समेवर ‘आ’ लांबवताना तो अस्वस्थ थरथराट थांबलेला कळेल. बरोबर खरी पेटी वाजणार असेल तर मात्र हे करू नका. पेटी आणि तुमचा ट्रॅक एकमेकांशी भांडतील.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्यायची तर बेंडची हद्द १२ पट्ट्यांपर्यंत वाढवा आणि रेषा हाताने काढा. सरळ तिरकी रेषा काढली तर ती भोंग्यासारखी ऐकू येते. सुरुवातीला रेंगाळणारी आणि स्वराजवळ येताच झपकन पोचणारी रेषा गळ्याच्या जवळ जाते.

खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, टाकण्याची घाई नको. या चालीला सा-प पुरेसं आहे. भूपात म आणि नी नाहीत, आणि तयार कॉर्डमधून ते नकळत शिरतात.

आवाज रेकॉर्ड करताना

माजघरात मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंतींमध्ये टाळीमागून एक कर्र असा थरकाप ऐकू येत असेल तर तो तुमच्या गाण्यातही येणार. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टांगा, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा. माइकच्या तोंडासमोर गाणारा असतो, म्हणून माइकला दिसणारी भिंत गाणाऱ्याच्या मागची असते. झाकायची ती.

माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण तो सोबत अंगणातला कोंबडा, एसटीचा हॉर्न आणि शेजारचा मिक्सरही टिपतो, आणि दमट हवेत त्याची कुरकुर सुरू होते. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा विचारच नको. जून ते सप्टेंबर हेडफोन लावून मिडीचं काम करा, गाणं दिवाळीनंतर. एरवी दुपारची जेवणं झाल्यावर गाव निजतो तो तास-दीड तास सर्वांत शांत. पंखा बंद, फ्रिज बंद.

रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. एका माइकच्या एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागलेलं रेकॉर्डिंग नंतर दुरुस्त होत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येत असेल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे सोडतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा: ५१२ नमुन्यांना जवळपास ११ मिलिसेकंद लागतात, १२८ ला तीनपेक्षा कमी. विंडोजवर त्यासाठी आवाज लवकर पोचवणारा एएसआयओ ड्रायव्हर लागतो.

समुद्राची गाज चालीखाली हवी असेल तर ती वेगळी जाऊन घ्या. वाऱ्याकडे पाठ करा, माइकवर फरचं कव्हर घाला. सुरुच्या बनात उभे राहू नका, तिथे सुरूच बोलत राहतो. मोबाइलवर घेणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद होईल असं ॲप वापरा, नाहीतर लाट फुटल्यावर मागची सगळी गाज दबून जाते. दोन मिनिटं सलग घ्या. सहा सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला तर लाटा केरव्यात यायला लागतात.

जुळवणी

इथे फार रमू नका. आधी गळा आणि पखवाज, एवढेच दोन लावा. ते पटले की बाकीचं. गळ्यातलं ८० हर्ट्झच्या खालचं आणि गाजेतलं १०० च्या खालचं कापा. पेटी आणि गळा एकमेकांत चिकटत असतील तर पेटीचं ३०० ते ५०० मधलं थोडं उतरवा. घुमारा (रिव्हर्ब) सगळ्यांना एकाच ठिकाणाहून द्या, सेकंदभराचा पुरे.

मग तीन ठिकाणी ऐका. हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि मंडपवाल्याच्या बॉक्सवर. मोबाइलवर धुमा गायब होतो, कारण त्या छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. धुम्यावर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम, दिलं तर त्याचे वरचे सूर उठून येतात आणि कान खालचा भरून काढतो. मंडपात दोन्ही बॉक्सना सहसा एकच आवाज जातो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं बटण दाबून काही नाहीसं तर होत नाही ना, ते आधीच तपासा. यूट्यूबवर टाकणार असाल तर आवाजाचा एकूण मोठेपणा उणे १४ एलयूएफएसच्या (तो मोजायच्या एककाच्या) आसपास ठेवा. त्याहून मोठं केलेलं तिथे खाली आणलं जातं.

शब्द दुसऱ्याचे असतील तर एवढं लक्षात ठेवा: आपल्याकडे कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. संतांचे अभंग मोकळे आहेत, पण त्यांना कुणी बांधलेली चाल आणि कुणी केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही. डबलबारीत ऐकलेली बुवांची चाल आवडली तर बुवांना विचारा.

मुंबईत असलेल्या मित्राकडून बासरी किंवा गिटार भरून हवी असेल तर सगळी फाइल पाठवू नका. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, अशा वेव फाइली काढा आणि सोबत लय आणि पट्टी लिहून द्या. चतुर्थीला चाकरमानी गावी येतात तेव्हा तो आला की समोरासमोर बसून पुन्हा ऐका.

दुसरी चाल करायला नवे शब्द शोधू नका. याच फाइलीची वेगळ्या नावाने प्रत काढा, ताल ६/४ करा आणि धा धी ना, धा ती ना बसवा. दोन्ही ओळींत सहा-सहा अक्षरं आहेत, दादऱ्याच्या सहा मात्रांत ती नेमकी मावतात. ‘दा’ आणि ‘आ’ समेवर आणायला या वेळी ओळी कुठून उचलाव्या लागतील, ते तोंडाने म्हणून शोधा आणि मगच माऊसला हात लावा.